पोर्तुगालच्या परसदारी

शावेशचं पाणी जमिनीतून वर येतं तेच मुळी सुमारे ७३ अंश सेल्सिअसला. हात घातला तर पोळेल. तामेगा नदीच्या काठाशी, बागेला लागून, औषधी पाणी प्यायची जागा आहे. तिथे ते पेल्यातून मिळतं आणि फुंकर घालत, सावकाश प्यावं लागतं. पहिला घोट खारट लागतो, मागून सोड्याची चव येते, आणि जिभेवर काहीतरी खनिज बराच वेळ रेंगाळत राहतं. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी दोन पेले न थांबता संपवले, पोटावरून हात फिरवला आणि माझा अर्धा राहिलेला पेला बघून खुणेनेच सांगितलं, संपव. मी संपवला.

हे गाव पोर्तुगालच्या पार उत्तरेला आहे. या मुलखाचं नाव त्राश-उश-मोंतेश, म्हणजे डोंगरांपल्याडचा प्रदेश. इथून स्पेनची हद्द जेमतेम दहा किलोमीटर. समुद्र मात्र दूर, मधे डोंगरांच्या रांगाच रांगा. हिवाळा बोचरा, उन्हाळा करपवणारा, जमीन ग्रॅनाइटची. लोक बटाटा, राय नावाचं धान्य, चेस्टनट पिकवत आले, डुकराच्या मांड्या मिठात मुरवून वाळवत आले, आणि पोट भरेना तेव्हा ब्राझीलला, पुढे १९६०च्या दशकात फ्रान्सला गेले. आजही ऑगस्टमध्ये गल्लीबोळांत फ्रेंच नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या दिसतात. सुट्टीत माणसं घरी आलेली असतात.

मी मुद्दाम या बाजूने पोर्तुगालमध्ये शिरायचं ठरवलं होतं. आपण मराठी माणसांनी पोर्तुगाल पाहिला तो कायम समुद्राकडून. गलबतं, तोफा, दीवची लढाई, गोव्यातलं इन्क्विझिशन, वसईचा किल्ला. आपल्या इतिहासात हा देश किनाऱ्यावर उतरतो आणि किनाऱ्यावरूनच परत जातो. त्या गलबतांच्या मागे एक अख्खा कोरडा, डोंगराळ, गरीब देश होता, ज्याने अनेक पिढ्या समुद्र पाहिलाही नसेल, हे आपल्या पुस्तकांत येत नाही. शावेशला गेल्यावर तो देश परसदारातून बघितल्यासारखा दिसतो. आणि या परसदाराशी आपलं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे.

आधी पाण्याचं. वेरीन हे स्पेनच्या गालिसिया प्रांतातलं गाव, शावेश, मग दक्षिणेला विदागो, त्याच्या खाली पेद्राश साल्गादाश. नकाशावर ही चार नावं जवळपास एका रेषेत येतात, आणि ती रेष म्हणजे भूकवचातला एक मोठा भ्रंश आहे. पावसाचं पाणी डोंगरातल्या भेगांतून काही किलोमीटर खोल मुरतं, तिथे तापतं, खोलातूनच येणारा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, आणि हा भ्रंश त्याला वर यायला वाट करून देतो. बाकीच्या तीन ठिकाणी ते पोचतं तोवर थंड झालेलं असतं. बुडबुड्यांचं, बाटलीत भरून विकायचं पाणी. शावेशला तेवढं ते झपाट्याने वर येतं आणि उकळायच्या वाटेवर असतानाच बाहेर पडतं. हद्दीच्या अल्याडपल्याड दोन देशांनी एकाच भेगेतल्या पाण्याला आपापल्या ब्रँडची नावं दिली आहेत. वेरीनचं काब्रेइरोआ स्पेनमध्ये घरोघरी जातं, आणि विदागो व पेद्राश पोर्तुगालच्या प्रत्येक हॉटेलच्या टेबलावर असतात.

नदीही तशीच. तामेगा उगम पावते गालिसियात, वेरीनच्या खोऱ्यातून खाली येते, शावेशमधून जाते आणि पुढे दोरू नदीला मिळते.

रोमन इथे आले ते सोन्यापायी. दक्षिणेला त्रेशमिनाशच्या खाणी होत्या, आणि ब्रागाहून अस्तोर्गाला जाणारा राजरस्ता नेमका या खोऱ्यातून तामेगा ओलांडत होता. गरम पाणी हा वरचा लाभ. पण सैनिकांचे सांधे आणि अधिकाऱ्यांची पोटं यांची त्याने अशी काही सोय केली, की गावाला नावच पाण्याचं पडलं, आक्वे फ्लाविये. फ्लावियन घराण्यातल्या सम्राटांच्या काळात, म्हणजे पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याला नगराचा दर्जा मिळाला. आजही इथला माणूस स्वतःला फ्लावियेन्स म्हणवतो, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या नावाने.

त्या काळचा पूल अजून वापरात आहे. आता त्यावरून फक्त पायी जायचं, गाड्यांना बंदी. लांबी सुमारे १४० मीटर, दिसणाऱ्या कमानी बारा. बाकीच्या दोन्ही काठांवरच्या घरांखाली गडप झाल्या आहेत. पुलाच्या मध्यावर समोरासमोर दोन दगडी स्तंभ आहेत, माणसाहून उंच, त्यांवर लॅटिन लेख. एकावर इसवी सन ७९च्या सुमाराचा मजकूर आहे. त्यात सम्राट, अधिकारी, सातवी लीजन म्हणजे रोमन सैन्याची तुकडी, आणि आसपासच्या दहा जमातींची नावं ओळीने कोरलेली. दुसरा ट्राजान सम्राटाच्या काळातला, आणि मला तो जास्त आवडला. त्यावर लिहिलंय की आक्वे फ्लावियेच्या लोकांनी हा दगडी पूल स्वखर्चाने बांधून घेतला. सम्राटाचं नाव वर आहेच, ते रीतीप्रमाणे येणारच. पण पैसे कोणी दिले हे गावाने दगडात लिहून ठेवलं. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. काही पार झिजली आहेत, काहींत शेवाळ बसलंय, पण खाच अजून बोटाला लागते. आपल्याकडे घाट, धर्मशाळा, विहिरी बांधणाऱ्यांचे शिलालेख असतात, तसाच हा ग्रामस्थांचा शिलालेख. फरक इतकाच की इथे एकट्या दात्याचं नाव नाही, सगळ्या गावाचं आहे.

रोमन स्नानगृहाची हकिगत याहून विलक्षण. या पाण्यावर रोमनांनी काही ना काही बांधलं असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुठे ते कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. या शतकाच्या पहिल्या दशकात नगरपालिकेने जुन्या गावाच्या पायथ्याशी, अराबाल्दे चौकात, जमिनीखाली पार्किंग करायला घेतलं. खणताना भिंती लागल्या, मग मोठे हौद, मग पाण्याच्या पन्हळी. चौथ्या शतकाच्या अखेरीस भूकंप झाला आणि हौदावरची भली थोरली कमान आत कोसळली. त्या वेळी आत माणसं होती. वर माती आणि दगडांचा थर बसला, खाली गरम चिखल साचला, आणि त्या चिखलात हवा न लागल्याने एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूसुद्धा टिकल्या. अंगठ्या, केसांत खोवायच्या पिना, खेळायचे फासे. लोक औषधाला येत, अंग शेकत, आणि पाण्याच्या कडेला बसून फासे टाकत. सोळाशे वर्षांपूर्वीचा एक दिवस तिथे तसाच्या तसा अडकून राहिला होता.

पार्किंगचा बेत अर्थातच रद्द झाला. त्या जागी संग्रहालय उभं राहिलं, पण ते लोकांसाठी खुलं व्हायला वर्षानुवर्षं लागली, आणि त्यातलं एक कारण पाणीच होतं. झरा जिवंत आहे. हौद मोकळे केल्यावर गरम पाणी पुन्हा येऊ लागलं आणि त्याची वाफ बंद इमारतीत छतावर, काचांवर, भिंतींवर साचून निथळू लागली. जगातली बहुतेक रोमन स्नानगृहं म्हणजे कोरडे अवशेष. इथे खालून ऊब येते. वरच्या मार्गिकेवरून वाकून बघताना चेहऱ्याला दमट हवा लागते आणि चष्म्यावर धुकं धरतं. दोन मोठे आयताकृती हौद, त्यांत उतरायच्या पायऱ्या, बाजूला लहान कुंडं. पायऱ्यांच्या कडा पावलांनी गुळगुळीत झालेल्या.

मला तिथे अकलोली आठवली. माझी आजी गुडघ्यांसाठी दर हिवाळ्यात वज्रेश्वरीला जायची आणि मला सोबत न्यायची. तानसा नदीच्या काठची ती गरम पाण्याची कुंडं, गंधकाचा वास, बायकांच्या कुंडात पदर खोचून बसलेल्या आज्या, आणि पाय पाण्यात सोडायच्या आधी एक बोट बुडवून घेतलेला अंदाज. शावेशच्या त्या दगडी पायऱ्यांवरही कोणीतरी असंच आधी एक बोट बुडवलं असेल. वज्रेश्वरीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण या दोन ठिकाणांच्या मधे इतिहासाचा एक धागा खरोखरच आहे.

त्याआधी हिदातियसबद्दल सांगायला हवं. पाचव्या शतकात तो इथला बिशप होता. रोमन साम्राज्य विस्कटत चाललं होतं, सुएबी आणि व्हँडल या जर्मानिक टोळ्या स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात शिरल्या होत्या, आणि हा माणूस या आडवाटेच्या गावात बसून सालवार नोंदी ठेवत होता. दुष्काळ, रोगराई, लुटालूट, ग्रहणं, कोणत्या वर्षी कोणी कोणाशी तह केला आणि कधी मोडला. इसवी सन ४६०मध्ये सुएबींनी त्याला त्याच्याच चर्चमधून पकडून नेलं; सुमारे तीन महिन्यांनी तो सुटून परत आला आणि पुन्हा लिहायला बसला. स्पेन-पोर्तुगालच्या त्या शतकाबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या एका बखरीमुळे. आपण जगाच्या टोकाला राहतो आहोत आणि जगाचा शेवटही जवळ आलाय, अशी त्याची मनोमन खात्री होती. तरी त्याने नोंदी थांबवल्या नाहीत. मला या गावातला सर्वांत आदरणीय माणूस तोच वाटतो, आणि गावात फिरताना त्याच्या खुणा त्या मानाने फारच कमी दिसतात याची खंतही वाटते.

मधली शतकं ओलांडून थेट पंधराव्या शतकात जाऊ. डोंगरमाथ्यावर जुन्या किल्ल्याचा चौकोनी बुरूज उभा आहे, चौदाव्या शतकातला, भोवती सुरेख बाग. शेजारी कामोंइश चौकात एक साधासा वाडा, सध्या वस्तुसंग्रहालय. हा ब्रागांझाच्या ड्यूकचा वाडा.

पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याचा अनौरस मुलगा आफोन्सो. राजाचा सेनापती नूनो आल्वरिश पेरैरा याची मुलगी बेआत्रिश. १४०१मध्ये या दोघांचं लग्न झालं आणि सेनापतीने लेकीला शावेश आंदण दिलं. आफोन्सो १४४२मध्ये ब्रागांझाचा पहिला ड्यूक झाला, आयुष्याचा मोठा काळ इथे राहिला आणि १४६१मध्ये इथेच वारला. त्याचं घराणं वाढत वाढत १६४०मध्ये पोर्तुगालच्या गादीवर बसलं. त्या पहिल्या ब्रागांझा राजाची मुलगी कातरिना. २३ जून १६६१ला तिच्या लग्नाचा करार इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी झाला, आणि हुंड्यात मुंबई गेली.

म्हणजे आंदणात मिळालेल्या एका डोंगरी गावात रुजलेल्या घराण्याने, पहिल्या ड्यूकच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, आपलं बेट आंदणात देऊन टाकलं. इंग्रजांच्या ताब्यात ते प्रत्यक्ष १६६५मध्ये आलं आणि १६६८मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिलं, हे आपण शाळेत शिकलो. पण देणारे कोण, कुठले, याचा पत्ता मला त्या वाड्यासमोर उभं राहिल्यावर लागला. तीन सामान्य मजले, ग्रॅनाइटच्या चौकटीच्या खिडक्या. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम सरदाराचा वाडा याहून मोठा असतो.

याच घराण्यातला दोम कोन्स्तांतिनो गोव्याचा व्हाइसरॉय होऊन आला आणि १५५९मध्ये त्याने दमण घेतलं. आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा लिस्बनच्या गादीवर ब्रागांझा घराण्यातलाच पाचवा जुआंव होता. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, आणि तो फेडण्यासाठी पुढे देऊळ बांधलं गेलं, असं परंपरा सांगते. किल्ल्यासारख्या पायऱ्या चढून आपण ज्या देवळात जातो ते हेच. माझी आजी देवीला नमस्कार करून मग कुंडाकडे जायची. एका गरम झऱ्याच्या काठी जे घराणं उभं राहिलं, त्याच्या फौजेवर मिळवलेल्या विजयाचं देऊळ दुसऱ्या गरम झऱ्यांच्या शेजारी आहे. इतिहासात असे योग जुळतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

हद्दीवरच्या गावाच्या नशिबी लढाया येतातच. सतराव्या शतकात स्पेनपासून सुटका करून घेण्याच्या युद्धात इथे साऊं फ्रान्सिश्कू आणि साऊं नेउतेल असे दोन तारकाकृती किल्ले बांधले गेले. पहिल्यात आता हॉटेल आहे. मार्च १८०९मध्ये नेपोलियनचा सेनापती सूल्त गालिसियातून याच खोऱ्याने उतरला, १२ तारखेला गाव घेतलं आणि पोर्तोकडे निघाला. दोन आठवडे व्हायच्या आत पोर्तुगीज सेनापती सिल्वैराने ते परत जिंकलं. १९१०मध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. ८ जुलै १९१२ला राजाच्या पक्षाचे लोक पायवा कोसैरोच्या नेतृत्वाखाली स्पेनच्या बाजूने शावेशवर चालून आले. त्यांना गावकऱ्यांनी आणि थोड्याशा शिबंदीने परतवून लावलं. लिस्बनमध्ये त्या रक्षणकर्त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे.

माझं मन गुंतलं ते मात्र हद्दीवरच्या लहान खेड्यांत. सोतेलिन्यो, कांबेदो, लामादार्कुश. शावेशच्या उत्तरेची ही तीन खेडी शतकानुशतकं दोन्ही देशांची होती. सरहद्द गल्लीतून, अंगणांतून, काही ठिकाणी म्हणे घरातूनच जायची. चूल एका राज्यात, गोठा दुसऱ्यात. १८६४च्या सीमा करारात ही भानगड मिटवली आणि तिन्ही गावं पोर्तुगालला मिळाली. करार कागदावर झाला, सोयरीक तशीच राहिली. लोक गालिसियातल्या मुली करायचे, तिकडच्या जत्रेला जायचे, आणि रात्री माल डोक्यावर घेऊन डोंगर ओलांडायचे. इकडून कॉफी तिकडे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वुल्फ्राम म्हणजे टंगस्टनचं खनिज, कधी गुरंसुद्धा. या सगळ्याला सरकार तस्करी म्हणायचं. गावात तो पोटाचा धंदा होता आणि त्यात कोणाला लाज वाटत नव्हती.

१९३६मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. बंड करून उठलेल्या जनरल फ्रँकोच्या फौजेपासून पळालेले गालिसियातले लोक डोंगर ओलांडून या खेड्यांत आले. नातेवाइकांनी आसरा दिला, काहींनी पुढे बंदुका घेऊन फ्रँकोविरुद्ध लढा चालू ठेवला. पोर्तुगालात तेव्हा हुकूमशहा सालाझार होता, फ्रँकोचा मित्र. डिसेंबर १९४६मध्ये, नाताळाच्या तोंडावर, पोर्तुगीज निमलष्करी दल, सैन्य आणि राजकीय पोलीस यांनी कांबेदोला वेढा घातला. हद्दीपलीकडे स्पॅनिश दल तयार होतं. एवढ्याशा खेड्यावर उखळी तोफांनी मारा केला. घरं पडली, दोन्ही बाजूंची माणसं मेली. देमेत्रिओ नावाचा गनिमी लढवय्या जिवंत हाती लागला. त्याची रवानगी केप व्हर्दमधल्या ताराफालच्या छळछावणीत झाली. ज्यांनी आसरा दिला होता त्या गावकऱ्यांना धरून तुरुंगात टाकलं, आणि गावाच्या कपाळी दरोडेखोरांचं गाव हा शिक्का कित्येक वर्षं राहिला.

१९४६. हे साल वाचल्यावर गोव्याशी जराही संबंध असलेला माणूस थांबतोच. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली आणि गोव्याच्या मुक्तीची ठिणगी पडली. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्यांना जुलैमध्ये अटक झाली, लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. आणखीही गोमंतकीय तिथे होते. पणजीत आदेश देणारी राजवट आणि कांबेदोवर तोफा डागणारी राजवट एकच. मांडवीच्या काठी ज्यांना ती परकी सत्ता म्हणून भोगावी लागली, त्यांच्या दुःखाशी तामेगाच्या काठच्या शेतकऱ्याचं दुःख तोलून बघायची मला इच्छा नाही. वसाहत ती वसाहतच. पण सालाझारचे तुरुंग कोणाकोणाने भरले होते याची यादी करायची, तर त्यात या दोन्ही नदीकाठांची माणसं शेजारी शेजारी येतील. आपल्या मुक्तिलढ्याची गोष्ट सांगताना हा शेजार सांगितला जात नाही. तो सांगायला हवा, असं मला फार वाटतं.

१९९६मध्ये, पन्नास वर्षांनी, गालिसियातल्या लोकांनी कांबेदोत एक पाटी बसवली. तुमच्या यातनांच्या स्मरणार्थ, अशा अर्थाची ओळ त्यांच्या भाषेत तिच्यावर आहे. गाव शांत आहे, बरीच घरं बंद. पाटी लहान आहे.

त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९९५मध्ये, शेंगेन करार लागू होऊन सरहद्दीवरची तपासणी बंद झाली होती. विला वेर्द द रायाच्या नाक्यावरून आता गाडी न थांबता जाते. शावेश आणि वेरीन या दोन गावांनी मिळून स्वतःला एक जोडशहर म्हणवून घेतलंय. कार्यक्रम, वाचनालय, पोहण्याचे तलाव अशा सोयी दोन्हीकडच्या रहिवाशांना वापरता याव्यात अशी ती कल्पना. मार्च २०२०मध्ये कोविडच्या साथीत सरहद्द पुन्हा बंद झाली आणि मोजक्या नाक्यांवरूनच, कारण दाखवून, जाता येऊ लागलं. त्यांत हा नाका होता. उघडलेलं दार किती पटकन लावता येतं, हे इथल्या तरुण पिढीने तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

गावात फिरायचं तर पायीच. रुआ दिरैता म्हणजे जुनी मुख्य गल्ली. दोन्ही बाजूंना अरुंद घरं आणि त्यांच्या पुढे आलेले लाकडी सज्जे, लाल, हिरवे, पिवळे. मिझेरिकोर्दियाच्या चर्चमध्ये भिंतभर निळ्या फरशांची चित्रं. नदीच्या काठाने खाली गेलं तर पाण्यातून पलीकडे जायला ओळीने मांडलेले दगड आहेत, त्यांवरून उड्या मारत जाणारी मुलं दिसतात. आणि नदीकाठच्या हिरवळीत पांढऱ्या काँक्रीटची एक लांब, जमिनीपासून उचललेली इमारत, चित्रकार नादिर आफोन्सोचं संग्रहालय. तो १९२०मध्ये इथेच जन्मला, वास्तुशास्त्र शिकला, पॅरिसमध्ये ल कोर्ब्युझिएकडे काम केलं आणि पुढे वास्तुकला सोडून आयुष्यभर भूमितीची चित्रं काढली. चंदीगड ज्याने आखलं त्याच्या हाताखाली या गावचा मुलगा होता. इमारत वास्तुकार आल्वारो सिझाची, २०१६ची. पूर आला तर पाणी खालून जावं म्हणून ती भिंतींच्या पायांवर उभी केली आहे. तामेगा हिवाळ्यात काठ सोडते हे गावाला माहीत आहे, आणि सिझाने ते ऐकलं.

खायला पश्तेल द शावेश. पापुद्र्यांची, आपल्या करंजीच्या आकाराची, आत वासराच्या मांसाचं मऊ सारण, भट्टीतून गरम निघालेली. १८६२पासून ही इथे होते अशी मान्यता आहे आणि तिला आता भौगोलिक मानांकनही आहे. मांस न खाणाऱ्यांची मात्र या मुलखात थोडी पंचाईतच. चीज, पाव, बटाटे, चेस्टनट आणि भाज्यांचं सूप यांवर दिवस काढता येतो.

वीस किलोमीटरवरचं विदागो अगदी वेगळ्या दुनियेतलं. राजघराण्यासाठी म्हणून तिथे गुलाबी राजवाड्यासारखं हॉटेल बांधलं, आणि ते उघडलं ६ ऑक्टोबर १९१०ला. आदल्या दिवशी लिस्बनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती. राजा देश सोडून गेला होता. श्रीमंत पाहुणे आले, पाणी प्यायले, बागेत हिंडले. मला तिथला बागेतला जुना कारंज्याचा मंडप आवडला, हॉटेल परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

जायचं तर पोर्तोहून बस सोयीची, दोन-अडीच तास. रेल्वे नाही, कोर्गो खोऱ्यातली अरुंद रुळांची गाडी १९२१मध्ये शावेशला पोचली आणि १९९०मध्ये बंद झाली. पोर्तुगालला उभा चिरत जाणारा एन-२ हा रस्ता इथेच सुरू होतो. शून्य किलोमीटरचा दगड गावात एका गोल चौकात आहे, तिथून दक्षिणेच्या फारूपर्यंत ७३० किलोमीटरहून जास्त, आणि मोटरसायकलवाले त्या दगडाशी फोटो काढून निघतात. ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व संतांच्या सणाची मोठी जत्रा भरते, तिला पलीकडून गालिसियातले लोक झुंडीने येतात; तेव्हा खोली महिनाभर आधी बघावी. पाण्याचे उपचार घ्यायचे तर तिथल्या डॉक्टरांना आधी भेटावं लागतं. नुसतं पेलाभर प्यायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त पोट रिकामं ठेवून जा. आणि एक अर्धा दिवस गाडी घेऊन कांबेदोसाठी काढा. वाट शेतांमधून जाते, पाट्या कमी आहेत, आणि गावात कोणी भेटलं तर कुठून आलात हे विचारतातच. गोव्याचं नाव सांगा, बोलणं लांबेल.